जे बाहेर आले, ते काय सांगतात?

गेल्या वर्षी पालकसभा संपल्यावर एक आई मागे थांबल्या. मुलगा बारावीला, अभ्यासात बरा, पाचवीपासून आमच्याच शाळेत शिकलेला. इतर पालक निघून जाईपर्यंत त्या दाराशी उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "सर, लडका घर में रहता है, पर घर का नहीं रहा."

वर्षभरापूर्वी तो एका लहानशा गटात जाऊ लागला होता. सुरुवातीला घरात सगळे खूशच होते. पोरगा फजरला उठायला लागला, तोंडातल्या शिव्या गेल्या, मोबाइलवरचे गेम बंद झाले. यात वाईट काय? मग चुलत्यांकडे जाणे बंद झाले, कारण चुलते 'गाफील'. मग मोहल्ल्याच्या मशिदीत जाणे बंद, कारण इमामसाहेब 'दुनियादार'. मग सख्ख्या बहिणीशी बोलणे बंद. शेवटी कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले पैसे गटाच्या 'हजरत'ना देऊन आला. वडिलांनी हात उचलला. दोन दिवस पोरगा घरी आला नाही.

त्या दिवशी आम्हाला धड उत्तर देता आले नाही. "आपा, वय आहे, उतरेल हळूहळू" असे काहीतरी बोलून आम्ही वेळ मारून नेली. ते बोलणे नंतर आम्हालाच बोचत राहिले. म्हणून आम्ही वाचायला बसलो. मौलानासाहेबांना विचारले, मानसशास्त्राची पुस्तके चाळली. सर्वात जास्त कामाला आली ती अशा गटांत वर्षानुवर्षे राहून बाहेर पडलेल्या माणसांची मनोगते. घरचे बाहेरून बोलतात, उलमा दलील देतात. आत नेमके काय होते, हे मात्र आत राहिलेलाच सांगू शकतो.

आधी शब्द नीट समजून घेऊ

इंग्रजीत अशा गटाला 'कल्ट' म्हणतात. मराठीत नेमका शब्द नाही. पंथ म्हणावे तर अनेक शांत, सज्जन परंपरांनाही आपण पंथच म्हणतो. उर्दूतला 'फिरका' शब्द घ्यावा तर आपल्याकडे लगेच दुसरेच भांडण सुरू होते. म्हणून या लेखात आम्ही 'बंदिस्त गट' असे म्हणू.

एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपल्या समाजात ही चूक फार होते. देवबंदी, बरेलवी, अहले हदीस, शिया, बोहरा, कोणी तबलीगमध्ये जाणारा, कोणी दर्ग्याला जाणारा, हे मसलकांचे फरक झाले. ज्याचे मसलक आपल्याला पटत नाही त्याच्यावर 'कल्ट'चा शिक्का मारणे म्हणजे या शब्दाची धार घालवणे. एखादा गट काय मानतो, एवढ्याने तो बंदिस्त ठरत नाही. माणसाला प्रश्न विचारता येतो का, घरच्यांना भेटता येते का, आणि जायचे ठरवले तर सुखरूप जाता येते का, यावर ते ठरते. या तीन प्रश्नांची उत्तरे 'नाही' आली, तर गटाचे नाव कितीही पवित्र असो, सावध व्हायला हवे. धर्माचे नाव नसलेले गटही असे असू शकतात.

जोन्सटाउन: चांगली माणसे आत का गेली?

जगात या विषयावर सर्वात जास्त लिहिले गेले ते 'पीपल्स टेंपल' या अमेरिकन गटाबद्दल. जिम जोन्स नावाच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने १९५० च्या दशकात इंडियानापोलिस शहरात तो सुरू केला. १९६५ मध्ये गट कॅलिफोर्नियात गेला, पुढे सॅन फ्रान्सिस्कोत वाढला आणि शेवटी दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशात जंगल तोडून त्याने स्वतःची वस्ती वसवली. तिचे नाव जोन्सटाउन. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी जोन्सच्या हुकमावरून तिथे सायनाइड मिसळलेले सरबत पाजण्यात आले. त्या एका दिवसात ९१८ माणसे गेली. त्यातली तीनशेच्या वर मुले होती, आणि विष आधी मुलांना देण्यात आले.

हे वाचून आपण पटकन म्हणतो, "वेडी होती का ही माणसे?" वाचलेल्यांच्या आठवणी वाचल्या की हा प्रश्न गळून पडतो. काळ्यागोऱ्यांना शेजारी बसवून घेणारी चर्चेस अमेरिकेत मोजकीच होती, त्या काळात जोन्सने ते केले. गटाने म्हाताऱ्यांची काळजी घेतली, व्यसनी तरुणांना हात दिला, गरिबांना जेवण दिले. जोन्सटाउनमधले बहुतेक लोक कृष्णवर्णीय होते. ज्यांना बाहेरच्या जगाने कधी बरोबरीने वागवले नव्हते, त्यांना इथे कोणीतरी भाऊ, बहीण म्हणत होते.

डेबोरा लेटन ही मुलगी अठराच्या आसपास असताना गटात आली आणि पुढे पैशांचा व्यवहार सांभाळण्याइतकी वर गेली. तिचे म्हणणे साधे आहे: 'कल्ट'मध्ये जायचे म्हणून कोणी जात नाही. माणूस चांगल्या कामात जातो, चांगल्या माणसांत जातो. आपण कुठे येऊन पोहोचलो हे त्याला फार उशिरा कळते.

आपल्या त्या विद्यार्थ्याकडे पुन्हा पाहा. तो वाईट गोष्टीकडे गेलाच नव्हता. तो नमाजकडे गेला होता. म्हणूनच घरातल्या कोणालाही धोका दिसला नाही.

दार एका दिवसात बंद होत नाही

बाहेर पडलेले सगळे जवळपास एकच क्रम सांगतात. देश वेगळे, धर्म वेगळे, तरी क्रम तोच.

सुरुवात कौतुकाने होते. नव्या माणसाला इतका मान मिळतो की त्याला वाटते, आपल्याला पहिल्यांदाच कोणी ओळखले. मग थोडी थोडी मागणी सुरू होते: आधी वेळ, मग पैसा, मग घरदार. पीपल्स टेंपलमध्ये अनेकांनी आपली घरे गटाच्या नावे केली आणि म्हातारपणाच्या सरकारी पैशाचे धनादेशही गटाच्या हाती दिले.

नंतर येते कबुली. भर सभेत एकाला उभे करायचे, बाकीच्यांनी त्याचे दोष सांगायचे. मार खाणारा गप्प, कारण दोष त्याचाच. बघणारे गप्प, कारण उद्या पाळी त्यांची. काहींकडून न केलेल्या गुन्ह्यांच्या कबुल्या लिहून घेतल्या गेल्या, म्हणजे माणूस बाहेर पडलाच तर तो कागद वापरता यावा. आपल्याकडे तौबा ही बंदा आणि अल्लाह यांच्यातली गोष्ट आहे. जिथे कोणी तुमच्या गुनाहांची वही स्वतःजवळ ठेवतो, तिथे ती तौबा उरत नाही, ती दोरी होते.

त्यानंतर जग दोन भागांत वाटले जाते. आत पाक, बाहेर नापाक. जोन्सटाउनमध्ये पासपोर्ट काढून घेतले जात, पत्रे वाचून मगच पाठवली जात, लाउडस्पीकरवर जोन्सचा आवाज रात्रंदिवस चालू असे. दिवसभर शेतात राबायचे, रात्री उशिरापर्यंत सभा. उपाशी, झोप नसलेला माणूस विचार करेल तरी कसा? 'व्हाइट नाइट' म्हणजे गोरी रात्र, या नावाने सामूहिक मरणाच्या तालमी होत. शत्रू येत आहे, आता प्यायचे, असे सांगायचे आणि लोक प्यायले की म्हणायचे, ही परीक्षा होती. खरे विष आले तेव्हा अनेकांना तीही तालीमच वाटली असेल. जी माणसे नाही म्हणाली असती, त्यांच्याभोवती बंदूकधारी पहारा होता.

रॉबर्ट लिफ्टन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने चीनमधल्या विचारबदलाच्या छावण्यांतून आलेल्या लोकांच्या मुलाखती घेऊन १९६१ मध्ये पुस्तक लिहिले. त्यात अशा वातावरणाची आठ लक्षणे दिली आहेत. शिक्षक म्हणून आम्हाला त्यातले भाषेचे लक्षण फार महत्त्वाचे वाटते. गट स्वतःचे काही ठरावीक शब्द तयार करतो. कुठलाही अवघड प्रश्न आला की त्यावर एक शब्द चिकटवायचा, आणि प्रश्न संपला. 'गाफील', 'दुनियादार', 'मुनाफिक' हे आपले दीनी शब्द आहेत, वजनदार शब्द आहेत. पण तेच शब्द चुलता, इमाम, बहीण यांच्यावर चिकटवून त्यांचे ऐकणे बंद करायला वापरले, तर ते कुलूप होतात.

बाहेर पडणे म्हणजे काय, हे दोन बायकांकडून ऐका

डेबोरा लेटन डिसेंबर १९७७ मध्ये कर्करोग झालेल्या आईला घेऊन गयानाला गेली. तिथे पोहोचल्यावर तिने खरे जोन्सटाउन पाहिले. मे १९७८ मध्ये गटाच्या कामासाठी राजधानी जॉर्जटाउनला आलेली असताना तिने अमेरिकन वकिलातीची मदत घेतली आणि निसटली. आजारी आई मागेच राहिली. जून महिन्यात तिने शपथपत्र देऊन सामूहिक मरणाच्या तालमींबद्दल सगळे सांगितले. ते पुरेसे मनावर घेतले गेले नाही. पाच महिन्यांनी तिने सांगितलेले खरे ठरले. तिची आई त्याआधी काही दिवस आजारानेच वारली होती. तिने आपली हकीकत पुस्तकरूपात लिहिली ती १९९८ मध्ये, म्हणजे तब्बल वीस वर्षांनी.

दुसरी लेस्ली वॅगनर-विल्सन. त्याच १८ नोव्हेंबरच्या सकाळी, सहलीला निघाल्यासारखे दाखवून, काही सोबत्यांबरोबर ती जंगलात शिरली. तीन वर्षांचा मुलगा तिने पाठीशी बांधला होता. ही मंडळी मैलोन्‌मैल चालून दुसऱ्या गावी पोहोचली. ती वाचली, मूल वाचले. आई, भाऊ, बहीण, नवरा मागे राहिले आणि गेले. पुढची कित्येक वर्षे 'मी का वाचले?' हा प्रश्न तिने सोबत वागवला.

आपण म्हणतो, "एवढा त्रास होता तर निघून का नाही आले?" या दोघींची गोष्ट त्याचे उत्तर आहे. आतल्या माणसाचे सगळे नातेवाईक, मित्र, पैसा, काम, अगदी जन्नत-जहन्नमची कल्पनासुद्धा त्याच गटात अडकलेली असते. गट सोडणे म्हणजे एका दिवसात सगळ्यांना सोडणे.

आता आपल्या घरातले उदाहरण

अमेरिकेचे उदाहरण देऊन थांबलो तर वाचक म्हणतील, ते त्यांचे झाले, आपल्यात असे होत नाही. होते. आणि ते दुनियेतल्या सर्वात पाक जागी झालेले आहे.

१ मुहर्रम १४००, म्हणजे २० नोव्हेंबर १९७९. फजरची नमाज नुकतीच संपली होती. जुहैमान अल-उतैबी नावाच्या माणसाच्या काही शे सशस्त्र साथीदारांनी मक्केच्या मस्जिदुल हरामचा ताबा घेतला. त्यांनी जाहीर केले की त्यांच्यातला मुहम्मद बिन अब्दुल्लाह अल-कहतानी हाच महदी आहे आणि लोकांनी त्याच्या हाती बयत करावी. जिथे मुंगी मारणेही जपून टाळले जाते, तिथे दोन आठवडे गोळ्या चालल्या. शेकडो जीव गेले. ज्याला महदी म्हटले तो त्या लढाईतच मारला गेला. जानेवारी १९८० मध्ये जुहैमानसह ६३ जणांना मृत्युदंड दिला गेला.

या गटात काही काळ राहून बाहेर पडलेला एक माणूस म्हणजे नासिर अल-हुजैमी. तो १९७० च्या दशकाच्या मध्यात, तरुण वयात या मंडळींत आला आणि हरमच्या घटनेच्या सुमारे वर्षभर आधी त्याने गट सोडला. तरीही पुढे त्याला अटक झाली आणि त्याने कित्येक वर्षे तुरुंगात काढली. सुटल्यावर तो पत्रकारितेत आला आणि 'अय्याम मआ जुहैमान', म्हणजे जुहैमानसोबतचे दिवस, या नावाने त्याने आपल्या आठवणी अरबीत लिहिल्या.

त्याच्या हकीकतीतून दिसणारा क्रम ओळखीचा आहे. सुरुवात हदीस शिकण्यापासून झाली. साधेपणा होता, भाऊबंदकी होती, मदिनेत एकत्र राहण्याचे घर होते. सुरुवातीला नावाजलेल्या उलमांची सरपरस्तीही होती. मग हळूहळू छायाचित्र हराम म्हणून ओळखपत्र नको, पासपोर्ट नको, इथपर्यंत गोष्ट गेली. १९७७ मध्ये त्याच घराच्या गच्चीवर मोठ्या उलमांच्या बाजूचे लोक आणि जुहैमान यांच्यात वाद झाला. बहुतेक तरुण जुहैमानकडे राहिले. म्हणजे समजवायला आलेले आलिमच बाहेरचे ठरले. त्यानंतर स्वप्ने आली. अमुक भावाला स्वप्न पडले, तमुकलाही तेच पडले, कहतानीच महदी आहे. स्वप्नाला पुरावा मानले की त्यापुढे किताब, सुन्नत, अक्कल, सगळे मागे पडते. महदी आणि हत्यारांची चर्चा सुरू झाली तिथे हुजैमीचे पाऊल थबकले.

दोन्ही घटना एकमेकींपासून जेमतेम वर्षभराच्या अंतरावर घडल्या. एक ख्रिस्ती गट, पुढे तर देवालाही न मानणारा झालेला. दुसरा स्वतःला सर्वात खरा मुसलमान म्हणवणारा. पण कौतुक, मागणी, भिंत, एकाच माणसाचा शब्द, हा जिना दोन्हीकडे सारखाच.

बाहेर आल्यावर काय होते?

हा भाग आपण सर्वात कमी बोलतो. आपल्याला वाटते, माणूस परत आला, शुक्र अल्लाहचा, गोष्ट संपली. बाहेर पडलेले सांगतात की खरी अवघड गोष्ट तिथून सुरू होते.

लॉरा जॉन्स्टन कोल ही जोन्सटाउनची रहिवासी त्या दिवशी कामासाठी राजधानीत होती म्हणून वाचली. अमेरिकेत परतल्यावर ती काय करते? 'सिनानॉन' नावाच्या दुसऱ्या एका गटात जाऊन राहते, सुमारे दहा वर्षे. ऐकायला विचित्र वाटते. पण एकत्र राहण्याची, कोणीतरी ठरवून देण्याची सवय लागलेल्या माणसाला एकट्याने उभे राहणे जमत नाही. पुढे ती शिक्षिका झाली. आमच्याच पेशातली. वीस वर्षे ती जोन्सटाउनबद्दल गप्प होती. १९९८ मध्ये विसाव्या स्मृतिदिनाला इतर वाचलेल्यांना भेटली, तेव्हा तिची वाचा फुटली. नंतर तिने पुस्तक लिहिले, गावोगावी जाऊन बोलली.

ही गप्प राहण्याची वीस वर्षे का? कारण बाहेरचे जगही दयाळू नव्हते. जोन्सटाउनचे मृतदेह अमेरिकेत आणले तेव्हा अनेक कब्रस्तानांनी ते घ्यायला नकार दिला. शेवटी ओकलंडच्या एव्हरग्रीन कब्रस्तानाने जागा दिली. ओळख न पटलेले किंवा कोणी न्यायला न आलेले चारशेहून अधिक देह तिथे एकत्र पुरले आहेत. इंग्रजीत आजही अंधभक्ताला 'त्याने कूल-एड प्यायले' असे हसत म्हणतात. कूल-एड म्हणजे तिकडचे सरबत. ज्यांची लेकरे त्या सरबताने गेली, त्यांना हा विनोद ऐकताना काय होत असेल?

बाहेर पडलेल्यांच्या बोलण्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. लाज: मी कसा फसलो? अपराधाची टोचणी: मी ज्याला आत आणले त्याचे काय? भीती: गटाने दिलेली बद्दुआ लागली तर? एकटेपणा: जुने मित्र मी तोडले, गटातल्या भावांनी मला तोडले. साध्या निर्णयांचीही धास्ती: कुठले कपडे घ्यायचे, किती वाजता झोपायचे, हे वर्षानुवर्षे दुसऱ्याने ठरवलेले असते. आणि चांगल्या दिवसांची आठवणसुद्धा. गटात सगळेच वाईट नव्हते, काही माणसे जिवाभावाची होती, हे ते लाजत लाजत सांगतात. ऐकणाऱ्याने तेही ऐकून घ्यायला हवे.

दीनी घरातल्या मुलाला आणखी एक जखम होते. ज्या आयतींचा वापर करून त्याला धमकावले, त्याच आयती नमाजमध्ये कानावर पडतात. कोणी नमाजपासूनच दूर जातो, कोणी दीनवरच रागावतो. अशा वेळी "आता हा बेदीन झाला" म्हणून त्याला दुसऱ्यांदा बाहेर ढकलू नका. भाजलेला माणूस चुलीजवळ यायला वेळ घेतो.

आपली परंपरा काय शिकवते?

आज्ञापालन आपल्या दीनमध्ये मोठी गोष्ट आहे, हे खरे. पण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक प्रसंग येतो, तो प्रत्येक घरात सांगायला हवा. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी एका मोहिमेवर एक सरदार नेमला आणि त्याचे ऐकायला सांगितले. वाटेत सरदाराला राग आला. त्याने लाकडे गोळा करायला लावली, आग पेटवली आणि म्हणाला, यात उतरा. काही जण उतरायला निघालेही. काहींनी अडवले: आगीपासून वाचायलाच तर आपण प्रेषितांकडे (सल्ल.) आलो! तेवढ्यात आग विझली, सरदाराचा राग निवला. परत आल्यावर हे कळले तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले की ते आत गेले असते तर त्यातून कधीच बाहेर आले नसते, आणि आज्ञापालन केवळ भल्या गोष्टीतच असते. जोन्सटाउनच्या तेराशेहून अधिक वर्षे आधी आपल्याला हा धडा दिला गेला आहे.

हजरत अबूबकर (रजि.) यांनी खलीफा झाल्यावर पहिल्याच भाषणात लोकांना सांगितले की मी चुकलो तर मला सरळ करा. ज्या गटात हजरतांची, अमीरसाहेबांची चूक दाखवणे हाच गुनाह आहे, तो गट कोणाच्या वाटेवर चालला आहे?

दुसरा प्रसंग खवारिजांचा. हजरत अली (रजि.) यांच्या काळात हजारो लोक फुटून हरूरा या ठिकाणी वेगळे झाले. ते रात्रभर इबादत करत, कुरआन पढत, आणि स्वतःशिवाय सगळ्यांना चूक ठरवत. हजरत अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) एकटे त्यांच्यात गेले. जाताच फतवा दिला नाही. आधी विचारले, तुमच्या तक्रारी काय आहेत? त्यांनी तीन सांगितल्या. त्यांनी एकेक नीट ऐकली आणि ज्या कुरआनचे ते नाव घेत होते, तो कुरआन आणि सुन्नत यांच्या आधारे एकेकीचे उत्तर दिले. प्रत्येक उत्तरानंतर विचारले, हे पटले का? काही रिवायतींत दोन हजार, काहींत चार हजार लोक परतल्याचे येते. सगळे परतले नाहीत. पण जे परतले ते ऐकून घेतल्यामुळे परतले.

ओढून आणलेला माणूस परत येत नाही

अमेरिकेत १९७० च्या दशकात काही आईबाप इतके हतबल झाले की त्यांनी माणसे भाड्याने घेऊन आपल्याच सज्ञान मुलांना उचलून आणले, खोलीत कोंडले आणि दिवसेंदिवस समजावले. प्रकरणे कोर्टात गेली, उचलणाऱ्यांना शिक्षा झाल्या. काही मुले पहिली संधी मिळताच गटात परत गेली. गट म्हणतच होता ना, घरचे शत्रू आहेत म्हणून!

याउलट एक दिलासा देणारी गोष्ट. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी युनिफिकेशन चर्च, ज्यांना लोक 'मूनी' म्हणतात, या गटाचा अनेक वर्षे अभ्यास करून १९८४ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांना दिसले की गटाच्या शिबिराला गेलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक सामील झालेच नाहीत, आणि जे झाले त्यातलेही बहुतेक साधारण दोन वर्षांत स्वतःहून निघाले. म्हणजे मेंदूवर कोणी जादू करते असे नाही. माणसाच्या आत शंका जिवंत असते. त्या शंकेला परतायला घर मात्र लागते.

मग घरच्यांनी काय करावे?

आम्ही काही या विषयाचे तज्ज्ञ नाही. पण जे वाचले, ऐकले, त्यातून एवढे सांगू शकतो.

१. दार आणि फोन चालू ठेवा. "त्या लोकांना सोड, तरच घरात पाऊल ठेव" ही अट गटाच्याच फायद्याची आहे.

२. श्रद्धेवर हल्ला करू नका, प्रश्न विचारा. पैसे कुठे जातात? हिशेब मिळतो का? कोणी सोडून गेले आहे का, त्यांच्याबद्दल काय बोलतात? हजरतांची स्वतःची मुलेही असेच राहतात का? प्रश्न विचारून थांबा. उत्तर आज मिळणार नाही.

३. जुन्या गोष्टी जिवंत ठेवा. ईदचा शीरखुर्मा, मामाचा मस्करीचा स्वभाव, आवडती क्रिकेटची टीम. माणूस बहुतेक वेळा दलीलने परतत नाही, तो आठवणीने परततो.

४. हात उचलू नका. गटाने सांगितलेली भविष्यवाणी तुम्ही खरी करून देता.

५. मोठी रक्कम, घराची कागदपत्रे, लहान भावंडे यांची काळजी घ्या. प्रेम करा, पण चेकबुक कपाटात ठेवा.

६. जादूटोणा, अंगातले काढणे, करणी उतरवणे या नावाखाली मारहाण, लुबाडणूक किंवा बायकांचे शोषण होत असेल तर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटून अखेर जीव गमावला. तो कोणा एका धर्माविरुद्ध नाही; बाबा असो, आमिल असो, सगळ्यांना सारखाच लागू आहे. त्यात सहा महिने ते सात वर्षे शिक्षा आहे. "आपल्यातल्या माणसाची तक्रार कशी करायची?" असे म्हणत बसू नका. ज्याचे लेकरू लुटले गेले तोही आपल्यातलाच आहे.

७. परतलेल्याला झोप नसेल, भीती वाटत असेल, मरणाचे विचार येत असतील, तर डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे. लहान मुलांसाठी १०९८.

आणि मशिदीच्या जबाबदार मंडळींना, आम्हा शिक्षकांनाही एक प्रश्न. मुले त्या गटांत का जातात? कारण तिथे कोणीतरी त्यांचे नाव घेऊन विचारते, "भाई, दोन दिवस दिसला नाहीस?" आपल्या मशिदीत शेवटच्या सफमध्ये उभ्या राहणाऱ्या पोराला असे शेवटचे कोणी कधी विचारले? आमच्या वर्गात शेवटच्या बाकावरच्याला आम्ही कधी विचारले? जिथे प्रश्न विचारणारा मुलगा 'उद्धट' ठरतो, तिथे प्रश्न न विचारणारा मुलगा तयार होतो. आणि तसा मुलगाच अशा गटांना हवा असतो.

त्या आईबद्दल

काही महिन्यांनी आम्ही त्या आपांना निरोप पाठवून बोलावले आणि वर लिहिलेले साध्या शब्दांत सांगितले. पहिल्या भेटीत दिलेल्या उत्तराची माफीही मागितली. त्या म्हणाल्या, "सर, आता मी त्याच्याशी वाद घालत नाही. रात्री ताट झाकून ठेवते."

मुलगा अजून पूर्ण परतलेला नाही. पण गेल्या रमजानमध्ये दोनदा इफ्तारला घरी आला. बहिणीशी बोलला नाही, मात्र तिने केलेली भजी खाल्ली. आणि जाताना अब्बांना विचारले, "गुडघा दुखतो का अजून?"

एवढेच. आम्ही शिक्षक आहोत. कोऱ्या पाटीवर पहिले अक्षर उमटताना आम्ही रोज पाहतो. ते वाकडे असते, अर्धे असते. पण त्यावर ओरडले की मूल पाटी खाली ठेवते. म्हणून ज्यांच्या घरात असे कोणी आहे त्यांना एवढीच विनंती, ताट झाकून ठेवा. बाकी हिदायत देणारा अल्लाह आहे.